घरातला छापखाना आणि बिनतारी वाट

'तार' हा शब्द मराठी घरांत दोन पिढ्यांपूर्वीपर्यंत मोठा धाक बाळगून होता. तारवाल्याची सायकल दाराशी थांबली की पाकीट फोडण्यापूर्वीच घरातील वडीलधाऱ्यांचे चेहरे उतरत. ती तार भारतात २०१३ च्या जुलै महिन्यात कायमची बंद झाली. गंमत अशी की, तार गेली आणि 'बिनतारी' मात्र उरली. जहाजांचे आणि पोलीस ठाण्यांचे संदेश ज्या शब्दाने ओळखले जात, त्याला नभोवाणीने दिवाणखान्यात आणून बसविले. त्या काळी नभोवाणीचे यंत्र घरी ठेवावयाचे तर सरकारी परवाना लागे. तो टपाल कचेरीतून घ्यावा लागे, त्याचे पैसे भरावे लागत. नुसते ऐकण्यासाठीही परवाना! आज सामान्य माणसाच्या घरी भिंतीवर टांगलेली वायफायची पेटी केवळ ऐकत नाही, ती रात्रंदिवस बोलत असते. लहानसे का होईना, ते एक प्रक्षेपण केंद्रच होय. २००५ साली भारत सरकारने २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यातील कमी शक्तीच्या यंत्रांना परवान्यातून मुक्त केले, आणि हे केंद्र कोणाचीही परवानगी न घेता घरोघर नांदू लागले.

ह्या घरगुती केंद्राशी घरातल्या छापयंत्राची, म्हणजे ज्याला सर्वजण प्रिंटर म्हणतात त्याची, गाठ कशी घालून द्यावयाची, हा विषय वरवर पाहता क्षुल्लक आहे. परंतु ज्याने तो एकदा केला आहे, तो त्याला क्षुल्लक म्हणण्याचे धाडस करणार नाही. आणि हा उद्योग कोणत्या घरात चालला आहे, ह्यावरही बरेच अवलंबून असते. नव्या वसाहतीतील दोन खोल्यांच्या सदनिकेत जे काम पाच मिनिटांत होते, ते जुन्या शहराच्या पोटातील घरात दोन दिवस खाते.

रायपूरचा सदर बाजार हे असेच जुन्या शहराचे पोट. हा बाजार सराफांचा. खाली सोन्याचांदीच्या पेढ्या, वर राहती घरे, आणि मधला रस्ता असा की सणासुदीला माणसाने माणसाला वाट विचारून पुढे सरकावे. जुन्या घरांच्या भिंती जाडजूड. खोलीतून खोली काढलेली. जिने अरुंद आणि अंधारे. ह्या शहराशी मराठी माणसाचा संबंधही आजकालचा नाही. नागपूरकर भोसल्यांचा अंमल छत्तीसगडावर होता, तो १८५४ साली त्यांचे राज्य खालसा होईपर्यंत. त्या काळात आणि त्यानंतरही कारकुनी, वकिली, शिक्षकी अशा निमित्ताने मराठी कुटुंबे येथे आली आणि येथलीच झाली. 'तात्यापारा' ह्या मोहल्ल्याच्या नावातला तात्या मराठी कानाला लगेच ओळखीचा वाटतो.

छापखान्याचा विषय निघाला म्हणून रायपूरच्या एका मराठी माणसाची आठवण येथे अप्रस्तुत ठरणार नाही. माधवराव सप्रे हे मातृभाषेने मराठी, परंतु त्यांनी आपली लेखणी हिंदीला वाहिली. समर्थांचा दासबोध आणि लोकमान्यांचे गीतारहस्य त्यांनीच हिंदीत नेले. १९०० सालच्या जानेवारीत त्यांनी 'छत्तीसगढ मित्र' हे मासिक पेंड्राहून सुरू केले. सोबतीला संपादक म्हणून रामराव चिंचोलकर, आणि प्रकाशनाची जबाबदारी वामन बळीराम लाखे ह्यांच्याकडे. संपादक पेंड्र्याला, आणि छपाई आधी रायपूरच्या कय्यूमी प्रेसमध्ये व पुढे थेट नागपूरच्या देशसेवक प्रेसमध्ये. म्हणजे लेखणी एका गावी आणि खिळे दुसऱ्या गावी! मजकूर पाठवावयाचा, मुद्रिते मागवावयाची, ती तपासून परत धाडावयाची, आणि एवढे करून महिन्याचा अंक वेळेवर काढावयाचा. तीन वर्षे त्यांनी हा संसार चालविला. आज लेखणी आणि छापखाना ह्यांतले अंतर एका जिन्याचे राहिले आहे, तरी तो जिना चढता चढता माणसाला घाम फुटतो, ही ह्यातली मौज आहे.

ह्या जिन्याची कथा खरे तर छापयंत्रापासूनच सुरू झाली, हे फारसे कोणाच्या लक्षात नसते. १९७० नंतरच्या काळात अमेरिकेत पालो आल्टो येथील झेरॉक्स कंपनीच्या संशोधन केंद्रात गॅरी स्टार्कवेदर ह्यांनी लेसर किरणांनी छापणारे यंत्र तयार केले. यंत्र मोठे आणि महागडे. प्रत्येकाच्या मेजावर एक ठेवणे अशक्य. तेव्हा केंद्रातील सर्व संगणकांना ते एकच यंत्र वापरता यावे, ही गरज निर्माण झाली. रॉबर्ट मेटकाफ ह्यांनी १९७३ साली त्यासाठी जी जोडणी सुचविली तिला त्यांनी 'ईथरनेट' असे नाव दिले. प्रकाश ज्या अदृश्य माध्यमातून जातो असे एकोणिसाव्या शतकातील शास्त्रज्ञ मानीत, त्या ईथरचे हे नाव. मेटकाफ ह्यांना ही कल्पना सुचली ती हवाई बेटांवरून. तेथील विद्यापीठात नॉर्मन अब्रॅमसन ह्यांनी १९७१ साली निरनिराळ्या बेटांवरील संगणक बिनतारी लहरींनी जोडले होते. बेटा-बेटांमध्ये समुद्र, टेलिफोनच्या तारा भरवशाच्या नव्हेत, म्हणून ज्याला बोलावयाचे असेल त्याने बोलावे, दोघांचे बोलणे एकमेकांवर आदळले तर दोघांनीही थोडे थांबून पुन्हा बोलावे, असा साधा नियम त्यांनी घातला. आजचे वायफायही मुळात ह्याच नियमाचे, फक्त थोडे अधिक सभ्य. ते बोलण्यापूर्वी ऐकते. दुसरा कोणी बोलत असेल तर थांबते. ह्या घरगुती बिनतारीचे पहिले प्रमाणित नियम १९९७ साली ठरले आणि 'वायफाय' हे नाव १९९९ साली पडले.

आता सदर बाजारातील घराकडे वळावयास हरकत नाही. समजा, तेथे एक मराठी कुटुंब राहते. तळमजल्यावर चांदीच्या भांड्यांची पेढी आहे, ती भाड्याने दिलेली. पहिल्या मजल्यावर आजी, शाळेतून निवृत्त झालेल्या शिक्षिका. दुसऱ्या मजल्यावर धाकटा मुलगा, सून आणि कॉलेजात जाणारी नात. थोरला मुलगा पुण्याला नोकरीस. दिवाळीत तो आला, येताना छापयंत्र घेऊन आला, एका दुपारात ते जोडून दिले, आजींच्या मोबाईलवरून एक कागद छापून दाखविला, आणि भाऊबीज झाल्यावर परत गेला. पुढच्या आठवड्यात एकदा वीज गेली आणि आली. त्या दिवसापासून यंत्र मुके झाले.

महिना नोव्हेंबरचा. निवृत्तिवेतन घेणाऱ्यांनी हयातीचा दाखला द्यावयाचा तो ह्याच महिन्यात. २०१४ पासून हा दाखला 'जीवन प्रमाण' ह्या नावाने संगणकावरूनही देता येतो; परंतु त्याची एक छापील प्रत आपल्या फायलीत असल्याखेरीज शिक्षिकेचे मन स्वस्थ कसे व्हावे? आजींनी पुण्याला फोन लावला.

"अरे, ते तुझं यंत्र बोलेनासं झालंय."

"आई, तू राउटर एकदा बंद करून चालू कर बरं."

"कोणता? इथे दोन पेट्या लुकलुकताहेत."

पलीकडे क्षणभर शांतता पसरली. ह्या शांततेतच सगळ्या प्रकरणाचे मर्म आहे. पेट्या दोन होत्या, हे मुलाच्या ध्यानात राहिले नव्हते.

आजींना दुसरा मार्ग अर्थातच मोकळा होता. बाजारात छपाई करून देणारी दुकाने आहेत. दाखला मोबाईलवरून दुकानदाराच्या क्रमांकावर पाठवावयाचा, चार रुपये द्यावयाचे, कागद घेऊन यावयाचे. बहुतेक लोक हेच करतात. परंतु कागद हाती आल्यावर ती मूळ प्रत दुकानाच्या संगणकात आणि दुकानदाराच्या मोबाईलमध्ये तशीच पडून राहते. त्यावर नाव असते, निवृत्तिवेतनाचा क्रमांक असतो, बँकेच्या खात्याची खूण असते. शेजारीच कोणाचे आधार कार्ड, कोणाचे प्राप्तिकराचे विवरणपत्र. दुकानदार प्रामाणिक असेलही, नव्हे, बहुधा असतोच. पण जी कागदपत्रे आजींनी चाळीस वर्षे लोखंडी कपाटात कुलूप लावून ठेवली, ती अशी वाऱ्यावर सोडून देण्यास त्यांचे मन घेईना. घरात छापयंत्र असण्याचे खरे प्रयोजन चार रुपये वाचविण्याचे नव्हे. तसा हिशेब केला तर शाईच्या किमतीपुढे तो टिकणारही नाही.

तेव्हा यंत्र मुके का झाले, हे पाहणे भाग आहे. त्यासाठी ते बोलू कसे लागले होते, हे आधी समजले पाहिजे.

घरातील बिनतारी जाळ्याचे तीन घटक मानावेत. भिंतीवरील पेटी म्हणजे राउटर, छापणारे यंत्र आणि छापावयास सांगणारा मोबाईल किंवा संगणक. मोबाईल थेट छापयंत्राशी बोलतो असे वाटते, पण सामान्यतः तसे नसते. तो राउटरला सांगतो आणि राउटर छापयंत्राला. म्हणून दोघांनीही एकाच राउटरच्या घरात उतरलेले असले पाहिजे. मोबाईलला पडदा आहे, अक्षरफलक आहे. त्याला जाळ्याचे नाव निवडणे आणि परवलीचा शब्द, म्हणजे पासवर्ड, देणे सोपे. स्वस्त छापयंत्राला मात्र तोंडही नाही आणि कानही नाहीत. चार बटणे आणि तीन दिवे. त्याला परवलीचा शब्द सांगावा कसा, एवढाच ह्या सगळ्या खटाटोपातला मूळ प्रश्न आहे.

त्याला उत्तरे निरनिराळी आहेत. ज्या यंत्राला लहानसा पडदा आहे, तेथे एकेक अक्षर बाण दाबून निवडता येते. काम कंटाळवाणे, पण खात्रीचे. मात्र मोठे अक्षर आणि लहान अक्षर ह्यांतला भेद येथे काटेकोर पाळावा लागतो. दुसरा मार्ग बटणाचा. अनेक राउटरांवर 'डब्ल्यूपीएस' अशी खूण असलेले बटण असते. ते दाबले की दोन मिनिटेपर्यंत दार उघडे राहते, तेवढ्यात छापयंत्राचे बिनतारीचे बटण दाबून धरावयाचे. दोघे परस्पर ओळख करून घेतात आणि परवलीचा शब्द सांगण्याची गरज उरत नाही. ही सोय चांगली आहे, परंतु तिचे एक भावंड वाईट निघाले. बटणाऐवजी आठ आकड्यांचा संकेत देण्याची जी पद्धत त्याच नावाखाली होती, तिचे कुलूप फार तर अकरा हजार किल्ल्या लावून पाहिल्या की उघडते, असे २०११ साली दाखविण्यात आले. आठ आकड्यांचे कुलूप म्हणून लोक निश्चिंत होते. प्रत्यक्षात यंत्र त्यातले पहिले चार आकडे वेगळे तपासत असे, आणि शेवटचा आकडा तर आधीच्या आकड्यांवरून ठरणारा होता. म्हणून संकेताची ही पद्धत राउटरमध्ये बंदच करून ठेवावी. नव्या सुरक्षा-पद्धतीत, जिला 'डब्ल्यूपीए-३' म्हणतात, ह्या सोयीला मुळी थाराच नाही.

तिसरा मार्ग आजकाल सर्वांत अधिक रूढ आहे. नवे छापयंत्र पेटीतून काढून चालू केले की ते स्वतःच काही वेळ एक तात्पुरते जाळे पसरते. मोबाईलवर त्या कंपनीचे ॲप घेतले की मोबाईल क्षणभर घरच्या जाळ्यातून उठून छापयंत्राच्या ह्या तात्पुरत्या जाळ्यात जाऊन बसतो, कानात घरचे नाव आणि परवलीचा शब्द सांगतो, आणि माघारी येतो. छापयंत्र आपले तात्पुरते दुकान आवरते आणि घरच्या जाळ्यात दाखल होते. हे सारे होत असताना मोबाईल मध्येच "ह्या जाळ्यावर इंटरनेट नाही" अशी तक्रार करतो आणि न विचारता सिमकार्डावरील जाळ्याकडे वळतो. पुष्कळांचा घोटाळा येथेच होतो. तेवढ्यापुरता मोबाईलचा डेटा बंद ठेवला म्हणजे तो वळत नाही. मोबाईलला आपल्या ठिकाणाचा अंदाज घेऊ देण्याची परवानगीही काही ॲप मागतात. ती नाकारली तर शेजारी ठेवलेले यंत्रही त्यांना दिसत नाही.

सर्व काही बरोबर करूनही छापयंत्राला घरचे जाळे दिसतच नाही, असा अनुभव वरचेवर येतो. त्याचे कारण लहरींच्या लांबीत आहे. राउटर बहुधा दोन पट्ट्यांत बोलतो. एक २.४ गिगाहर्ट्झचा, दुसरा ५ गिगाहर्ट्झचा. पहिल्याची लहर सुमारे साडेबारा सेंटिमीटर लांब, म्हणजे अर्धी वीत. दुसऱ्याची त्याच्याही निम्मी. लांब लहर भिंत ओलांडण्यात अधिक चिवट, आखूड लहर वेगवान पण भिंतीपुढे लवकर थकणारी. घरगुती वापराची स्वस्त छापयंत्रे पुष्कळदा केवळ पहिलाच पट्टा ऐकतात. दुसऱ्या पट्ट्यावरचे जाळे त्यांच्या दृष्टीने अस्तित्वातच नसते. म्हणून राउटरमध्ये २.४ चा पट्टा चालू आहे ना, हे प्रथम पाहावे; दोन्ही पट्ट्यांना एकच नाव दिले असेल आणि यंत्र गोंधळत असेल, तर जोडणी होईपर्यंत त्यांना वेगवेगळी नावे द्यावीत. त्याचप्रमाणे सुरक्षा-पद्धत केवळ नवी ठेवली तर जुने यंत्र आत येऊ शकत नाही. नवी आणि जुनी दोन्ही चालतील अशी मिश्र योजना ठेवणे बरे.

भिंती ओलांडण्याचा विषय भारताला नवा नव्हे. जगदीशचंद्र बसूंनी १८९५ साली कलकत्त्यात अवघ्या काही मिलिमीटर लांबीच्या लहरी भिंतींतून पलीकडे नेऊन घंटा वाजविली होती आणि बंदुकीची दारू पेटविली होती. पण बसूंच्या वाटेत सराफ बाजार नव्हता! विटेमातीच्या भिंतीला लहरी कशाबशा दाद देतात. लोखंडाला मुळीच नाही. पेढीची पोलादी तिजोरी, दुकानाचे शटर, छताच्या काँक्रीटमधील सळया ह्या सर्व लहरींच्या वैरिणी. आणि सराफाच्या दुकानात दागिना घालून पाहण्यासाठी जे मोठाले आरसे असतात, त्यांच्या पाठीला धातूचा लेप असतो. ज्या न्यायाने तो प्रकाश परतवितो त्याच न्यायाने बिनतारी लहरीही परतवितो. राउटर तळमजल्यावर पेढीच्या मागच्या खोलीत, कारण फायबरची तार रस्त्यावरून तेथेच आत आली, आणि छापयंत्र दुसऱ्या मजल्यावर, कारण मेज तेथे रिकामे होते, अशी योजना केली तर दोष बसूंच्या शास्त्राला देता येणार नाही.

दाटीचा प्रश्न वेगळाच. २.४ च्या पट्ट्यात एकमेकांत न मिसळणाऱ्या वाटा व्यवहारात तीनच धराव्या लागतात. पहिली, सहावी आणि अकरावी. सदर बाजारासारख्या ठिकाणी एका हाकेच्या टप्प्यात पंधरावीस राउटर ह्याच तीन वाटांवर बोलत असतात. बोलण्यापूर्वी ऐकण्याचा नियम असल्यामुळे प्रत्येकाला थांबावे लागते. दिवसा दुकाने उघडी असता कागद रखडत निघतो आणि रात्री नऊनंतर भराभर निघतो, असे झाले तर यंत्राला झपाटले असे समजू नये. राउटरच्या मांडणीत जाऊन कमी गर्दीची वाट निवडता येते.

आता त्या दोन पेट्यांकडे वळू या. घरात फायबरची तार आणणाऱ्या कंपनीने एक पेटी तळमजल्यावर लावली होती. दुसऱ्या मजल्यावर जाळे पोचेना, म्हणून धाकट्या मुलाने बाजारातून दुसरा राउटर आणून पहिल्याच्या तारेला जोडला. घरात इंटरनेट सर्वत्र आले, सर्वांना आनंद झाला. परंतु राउटरच्या मागे राउटर लावला की घरात एकाऐवजी दोन जाळी होतात. पहिली पेटी आपल्या बिऱ्हाडाला पत्ते वाटते, दुसरी आपल्या. थोरल्याने दिवाळीत छापयंत्र जोडले ते वरच्या पेटीला, कारण यंत्र वरच ठेवले होते. आणि त्याच वेळी आजींचा मोबाईलही वरच्या पेटीवर घेतला. वीज जाऊन आली तेव्हा आजी आपल्या पहिल्या मजल्यावर होत्या, मोबाईलला खालची पेटी जवळची वाटली, तिचा परवलीचा शब्द त्याला पूर्वीपासून ठाऊक होता, तो तिकडे जाऊन बसला. दोघेही जागे, दोघांनाही इंटरनेट, पण एक ह्या वाड्यात आणि दुसरा त्या वाड्यात. यंत्र मुके झाले नव्हते. आजींची हाक त्याच्यापर्यंत पोचतच नव्हती.

ह्यावर उपाय असा की दुसऱ्या पेटीचे राउटरपण काढून घ्यावे. तिच्या मांडणीत 'ॲक्सेस पॉइंट' नावाची अवस्था असते. ती निवडली की पत्ते वाटण्याचे काम एकट्या पहिल्या पेटीकडे राहते आणि दुसरी केवळ तिचा आवाज वरच्या मजल्यावर पोचविते. घर एक, जाळे एक. पाहुण्यांसाठी जे वेगळे जाळे राउटरमध्ये ठेवतात त्याचीही गत अशीच. त्यावर बसलेल्याला घरातील छापयंत्र दिसू नये, ह्यासाठीच ते केलेले असते. भाच्याने "मामी, माझ्या मोबाईलवरून छापलं जात नाही" अशी तक्रार केली तर त्याला कोणत्या जाळ्यावर बसविले आहे, हे आधी पाहावे.

विजेच्या खेळाचे आणखी एक अंग आहे. राउटर प्रत्येक यंत्राला एक पत्ता देतो, उदाहरणार्थ १९२.१६८.१.२०. हा पत्ता भाड्याचा असतो, मालकीचा नव्हे. वीज गेली, सर्व यंत्रे उठली, आणि पुन्हा हजर होताना पत्त्यांची अदलाबदल झाली, असे होऊ शकते. मोबाईल बहुधा फसत नाही, तो जाळ्यात दवंडी पिटतो, "कोणी छापणारा आहे का?", आणि छापयंत्र आपला नवा पत्ता ओरडून सांगते. ॲपल कंपनीने २०१० साली आणलेली 'एअरप्रिंट' आणि अँड्रॉइड मोबाईलमधील 'मोप्रिया' ह्या दोन्ही सोयी अशा दवंडीवरच चालतात. परंतु जुन्या पद्धतीने जोडलेला संगणक दवंडी पिटत नाही. तो पहिल्या दिवशी लिहून घेतलेल्या पत्त्यावरच कागद नेऊन टाकतो, तेथे कोणी उत्तर देत नाही, आणि पडद्यावर 'ऑफलाइन' अशी अक्षरे उमटतात. छापयंत्र शेजारी हिरवा दिवा लावून बसलेले असते आणि संगणक म्हणतो की ते हजर नाही! राउटरच्या मांडणीत छापयंत्राचा पत्ता कायम राखून ठेवण्याची सोय असते. ती एकदा केली की हा जाच संपतो. शिवाय राउटरला जागे होण्यास दोनतीन मिनिटे लागतात, छापयंत्र त्याआधी उठते आणि जाळे सापडत नाही म्हणून कधी कधी हिरमुसून बसते. म्हणून वीज आल्यावर आधी राउटर, मग छापयंत्र, हा क्रम सांभाळावा.

एक सावधगिरी मात्र आवर्जून सांगितली पाहिजे. छापयंत्र हे आता नुसते छापयंत्र राहिलेले नाही. तो एक लहानसा संगणक आहे आणि त्याच्या पोटात घरचा परवलीचा शब्द साठविलेला आहे. ते बाहेरच्या जगास उघडे ठेवू नये. २०१८ सालच्या नोव्हेंबरात जगभरातील छापयंत्रांतून एकाएकी एक पत्रक बाहेर पडू लागले. एका यूट्यूब वाहिनीचे सभासद व्हा, असा त्यात आग्रह होता. सुमारे पन्नास हजार यंत्रांवर आपण ते छापले, असा दावा करणाऱ्याने केला. त्या यंत्रांची दारे त्यांच्या मालकांनी इंटरनेटवर सताड उघडी टाकली होती, एवढेच त्याचे कसब. पत्रक निरुपद्रवी होते. हयातीचे दाखले आणि आधार कार्डे ज्यांवर छापली जातात त्या यंत्रांविषयी तेवढ्याने निश्चिंत राहता येत नाही. कंपनीने दिलेला मूळ पासवर्ड बदलावा, यंत्राची अंतर्गत प्रणाली वेळोवेळी अद्ययावत करू द्यावी, आणि यंत्र विकावयाचे किंवा भंगारवाल्यास द्यावयाचे असेल तर त्यापूर्वी त्याची स्मृती पुसून ते मूळ अवस्थेत आणावे. भंगारवाल्याला जुने कपाट देताना आतली कागदपत्रे कोणी ठेवून देत नाही.

पेढीवाल्याची गोष्ट थोडी निराळी. २०१७ सालच्या १ जुलैपासून वस्तू व सेवा कर आला आणि छापील देयकाला महत्त्व चढले. तरी एकाच ठोक्यात दोनतीन प्रती निघाव्यात म्हणून कित्येक दुकानांत अजून ठोके मारणारे जुने डॉट मॅट्रिक्स यंत्रच वापरतात. ते तारेने जोडलेले असते आणि तसेच राहावे. बिनतारी आहे म्हणून प्रत्येक गोष्ट बिनतारी केलीच पाहिजे, हा हट्ट शहाणपणाचा नव्हे. गिऱ्हाईक समोर उभे असता देयक निघत नाही, ही नामुष्की कोणत्याही तारेपेक्षा अधिक अडचणीची आहे.

आजींचा दाखला शेवटी घरीच छापला गेला. रविवारी नातीने दोन जाळ्यांचे एक जाळे केले, पुण्याहून थोरला फोनवर वाट दाखवीत होता, आणि आजी खुर्चीत बसून विद्यार्थिनीची वही तपासावी तशा प्रत्येक पायरीला "का?" विचारीत होत्या. दोनदा नातीला उत्तर देता आले नाही. काम झाल्यावर आजींनी एक जाड कागद घेतला आणि त्यावर ठळक मराठी अक्षरांत सर्व लिहून काढले: जाळ्याचे नाव, छापयंत्राचा राखून ठेवलेला पत्ता, आधी खालची पेटी, मग वरची पेटी, तीन मिनिटे थांबावे, मग छापयंत्र, मोबाईल घरच्या जाळ्यावर आहे का ते पाहावे, तरीही न झाल्यास छापयंत्राचे बटण दाबून त्याच्याकडूनच त्याच्या जाळ्याची माहिती छापून घ्यावी, म्हणजे ते कोठे बसले आहे ते कळते. परवलीचा शब्द त्यांनी त्या कागदावर लिहिला नाही. तो निवृत्तिवेतनाच्या फायलीत, दाखल्याच्या मागे लावून कपाटात ठेवला. आणि कागद स्वयंपाकघरात, गॅस नोंदविण्याच्या क्रमांकाशेजारी चिकटविला.